पंक्चर काढावे की टायर बदलावा? आधी टायर उतरवून आतून पाहा

एप्रिल-मे महिन्यांत गुहागर-चिपळूण रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानांपुढे गाड्यांची जी रांग दिसते, तिचे मूळ बऱ्याचदा आंब्याच्या पेटीत असते. लाकडी पेट्या ठोकताना आणि टेम्पोत चढवता-उतरवताना निसटलेल्या चुका, म्हणजे बारीक खिळे, रस्त्याच्या कडेला येऊन पडतात, आणि समोरून एसटी आली की अरुंद रस्त्यावर सगळ्यांनाच त्या कडेवरून गाडी घ्यावी लागते. पावसाळा लागला की चुकांची जागा खड्डे, उखडलेली खडी आणि जांभ्याचे धारदार तुकडे घेतात. नोकरीनिमित्त या रस्त्याने नेहमी ये-जा करणाऱ्या माझ्यासारख्याला त्यामुळे टायरचा विचार बारमाही करावा लागतो, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे: ट्यूबलेस टायरचे पंक्चर काढून भागेल की टायरच बदलावा लागेल, हे टायर रिमवरून उतरवून आतून पाहिल्याशिवाय कोणालाही खात्रीने सांगता येत नाही.

प्रत्यक्षात घडते ते वेगळेच. गाडी दुकानापुढे उभी राहते, चाक जागच्या जागी फिरवून खिळा शोधला जातो, पकडीने तो उपटला जातो, भोकात टोच्या फिरवून चिकट रबरी दोरीची स्ट्रिप खुपसली जाते, वर थोडे पाणी लावून बुडबुडा येत नाही ना एवढे पाहिले जाते, आणि हातातला चहा संपायच्या आत गाडी पुन्हा रस्त्याला लागते. यात दुकानदाराला दोष देण्याचे मला कारण दिसत नाही, कारण घाई बहुतेक वेळा गिऱ्हाईकाचीच असते. दुसऱ्या टोकाला शहरातली काही दुकाने अशीही असतात की खिळा दिसला की लगेच नव्या टायरचा दर सांगू लागतात. दोन्ही उत्तरे आत न पाहता दिलेली असतात, म्हणून ती बरोबर आली तरी योगायोगानेच येतात.

मुळात हवा जाते आहे ती टायरमधूनच का, हे आधी पाहावे लागते. आमच्याकडे समुद्राचा खारा वारा, तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस आणि महिनोन्‌महिने ओली राहणारी हवा यांमुळे लोखंडी रिम आतल्या कडेने गंजते. टायरची कड रिमवर जिथे घट्ट बसलेली असते, तिथे गंजाचे पापुद्रे सुटले की हवा झिरपायला वाट मिळते. अलॉय रिमलाही त्या जागी पांढरट खार धरतो. व्हॉल्व्हचा रबर उन्हाने तडकला की तिथूनही हवा जाते. अशा वेळी टायर निर्दोष असतो आणि मालक मात्र नव्या टायरच्या हिशोबाला लागलेला असतो. साबणाचे दाट पाणी ब्रशने रिमच्या दोन्ही कडांना, व्हॉल्व्हच्या मुळाशी आणि सगळ्या नक्षीवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या भागावर, लावले की हवा कुठून जाते ते समजते. रिम गंजली असेल तर टायर उतरवून कड तारेच्या ब्रशने घासून साफ करावी आणि व्हॉल्व्ह नवा बसवावा. हे काम नव्या टायरच्या किमतीच्या मानाने अगदी किरकोळ खर्चात होते. चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण एक पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा आपोआप कमी होते, तेवढ्यावरून पंक्चरचा संशय घेऊ नये.

खिळा डोळ्यांना दिसला तरी तो जागेवर उपटू नये. ट्यूबलेस टायरच्या आतल्या बाजूस हवा धरून ठेवणारा जो रबराचा थर असतो, तो खिळ्याला चहूबाजूंनी आवळून धरतो, आणि त्यामुळे कित्येकदा खिळा रुतलेला असतानाही हवा हळूहळूच उतरते. हवा बऱ्यापैकी असेल तर ती मोजून, पूर्ण भरून घेऊन, सावकाश जवळच्या दुकानापर्यंत जाता येते. हवा झपाट्याने उतरत असेल तर गाडी सपाट जागी घेऊन स्टेपनी लावणे हाच मार्ग आहे. जॅकखाली आधार म्हणून लाकडाची फळी ठेवावी. जांभ्याचा चिरा हाताशी असला तरी तो वजनाखाली चुरतो, म्हणून त्यावर भरवसा ठेवू नये.

आता भोकाच्या जागेविषयी, कारण निर्णयातला सर्वांत मोठा भाग तिथे ठरतो. मोटारीच्या आजच्या रेडियल टायरमध्ये एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पॉलिस्टरच्या दोऱ्यांचा थर जातो, आणि त्याच्यावर, फक्त रस्त्याला टेकणाऱ्या रुंदीपुरते, पोलादी तारांचे दोन पट्टे असतात. त्या पट्ट्यांवर नक्षीचा जाड रबर असतो. नक्षीच्या मधल्या भागात खिळा घुसला तर भोकाच्या आजूबाजूच्या तारा त्या जागेला ताठ धरून ठेवतात, तो भाग फारसा वाकत नाही, आणि म्हणून आतून लावलेला पॅच टिकतो. टायरच्या बाजूला, म्हणजे साईडवॉलला, हे पट्टेच नसतात. तिथे पॉलिस्टरच्या दोऱ्या आणि पातळ रबर एवढेच असते, आणि गाडीचे वजन पेलण्यासाठी तोच भाग सतत दबत आणि फुगत राहतो. १८५/६५ आर १५ या मापाच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर येतो, म्हणजे एका किलोमीटरला चाकाचे पाचशेहून अधिक फेरे होतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना साईडवॉलची प्रत्येक जागा मिनिटाला पाचशेहून अधिक वेळा वाकते. एवढ्या हालचालीत तिथला पॅच सुटतो, आणि तो सुटला नाही तरी तुटलेल्या दोऱ्यांची ताकद त्याने परत येत नाही. म्हणून साईडवॉलला भोक किंवा काप असेल तर टायर बदलायचा, यात वाटाघाटीला जागा नाही. नक्षी जिथे संपते आणि बाजू सुरू होते तो खांद्याचा भागही दुरुस्तीच्या बाहेरच समजावा, कारण पोलादी पट्ट्यांच्या कडा तिथेच संपतात आणि वळणावर सर्वांत जास्त ताण व उष्णता तिथेच येते.

कोकणातल्या रस्त्यांवर हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. वेळणेश्वर, हेदवी या बाजूच्या रस्त्यांवर समोरून मोठे वाहन आले की दोन चाके साईडपट्टीवर उतरवावी लागतात. पावसाने साईडपट्टीची माती वाहून गेलेली असते आणि डांबराची कड तिथे वीतभर उंच उभी असते. ते वाहन निघून गेल्यावर आपण स्टिअरिंग थोडे फिरवून पुन्हा डांबरावर चढू पाहतो, तेव्हा टायरची बाजू त्या धारदार कडेवर घासत जाते. या भागातल्या टायरांच्या साईडवॉलवर जे आडवे काप दिसतात, ते पुष्कळदा असेच पडलेले असतात. वेग अगदी कमी करून, शक्य तितक्या मोठ्या कोनात चढले तर हा धोका कमी होतो. खड्ड्यात चाक जोरात आपटले की टायर रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये चेपला जातो, आतल्या काही दोऱ्या तुटतात आणि एक-दोन दिवसांत बाजूला लिंबाएवढा फुगा दिसू लागतो. हवा अजिबात गेलेली नसते, त्यामुळे माणूस निर्धास्त राहतो. पण फुगा आलेला टायर हा पंक्चर झालेल्या टायरपेक्षा अधिक धोकादायक असतो, कारण तो हळूहळू उतरत नाही, एकदम फुटतो. त्यावर कोणताही पॅच नाही. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत केवळ टायरचे नुकसान धरले जात नाही, त्याच वेळी गाडीचेही नुकसान झाले असेल तरच टायरच्या किमतीचा निम्मा भाग मिळतो, हेही या ठिकाणी लक्षात ठेवावे.

भोक नक्षीच्या मधल्या भागात आहे असे ठरले की त्याचा आकार पाहायचा. मोटारीच्या टायरसाठी ६ मिलिमीटरपर्यंत व्यासाचे भोक दुरुस्त करण्याजोगे मानतात. पेटीची चूक, स्क्रू, तारेचा तुकडा हे सगळे या मापात बसतात. कोयतीचे मोडलेले टोक किंवा पत्र्याची पट्टी घुसली असेल तर काप लांबट असतो आणि त्यात पोलादी तारा बऱ्याच संख्येने तुटलेल्या असतात, म्हणून तो टायर सोडून द्यावा. खिळा तिरका घुसला असेल तर बाहेर मधोमध दिसणारे भोक आत खांद्याजवळ निघालेले असू शकते. हे बाहेरून कळणे अशक्य आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हवा उतरलेल्या टायरवर गाडी किती चालली, याची खूण फक्त आत राहते. गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या गाडीचे पुढचे चाक रामपूरच्या अलीकडे बसले. अंधार होता, पाऊस धो धो कोसळत होता आणि रस्त्याला थांबण्यासारखी जागा नव्हती, म्हणून त्यांनी गाडी तशीच हळूहळू उजेडापर्यंत आणली. दुसऱ्या दिवशी आम्ही तो टायर शृंगारतळीतल्या एका दुकानात नेला. नक्षीच्या अगदी मधोमध एक बारीक खिळा होता आणि बाहेरून पाहणाऱ्या प्रत्येकाचे म्हणणे एकच होते, की स्ट्रिप मारली की काम झाले. दुकानातले वयस्कर काका मात्र काही न बोलता टायर यंत्रावर चढवून उतरवू लागले. टायर सुटा झाल्यावर त्यांनी तो उभा धरून हलवला, तेव्हा आतून चहाच्या भुकटीसारखी काळी बारीक पूड जमिनीवर पडली.

"बाई, वरून बघून काय कळणार? हात घाला आत," असे म्हणून त्यांनी टायर आमच्यापुढे केला. साईडवॉलच्या आतल्या अंगाला, सगळ्या घेराभर, बोटभर रुंदीचा एक खरखरीत पट्टा बोटांना लागत होता. त्या पट्ट्यात आतला गुळगुळीत थर झिजून गेला होता आणि एके ठिकाणी पॉलिस्टरच्या दोऱ्या उघड्या पडलेल्या दिसत होत्या. "खिळा काय, कधीही काढीन मी. पन हा टायर घाटात दगा देणार," काका म्हणाले. हवा नसताना गाडीच्या वजनाखाली साईडवॉल दुमडली जाते आणि स्वतःवरच घासत राहते. ती काळी पूड म्हणजे तोच झिजलेला रबर. बाहेरून त्या टायरवर ओरखडाही नव्हता. बाईंनी त्याच दिवशी नवा टायर घेतला, आणि माझ्या मते तो निर्णय पूर्णपणे बरोबर होता.

समजा, भोक मध्यभागी आहे, लहान आहे, आतला भाग स्वच्छ आणि अखंड आहे. मग टायर बदलण्याचे कारण उरत नाही, पण दुरुस्ती कशी करायची हा प्रश्न राहतो. बाहेरून खुपसलेली स्ट्रिप म्हणजे चिकट रबरात घोळवलेली जाड दोरी असते. ती भोक बुजवते आणि पुष्कळदा दीर्घकाळ टिकते, हे खरे आहे. परंतु ती आतल्या थराला वेगळे झाकण घालत नाही, आणि स्ट्रिप घालण्याआधी दाते असलेला टोच्या भोकात जोराने फिरवला जातो तेव्हा पोलादी तारा आणखी तुटू शकतात. तुटलेल्या तारांची टोके त्या दोरीला सतत कापत राहतात. मश्रूम पॅचची रचना वेगळी आहे: त्याचा दांडा भोकात बसून वाट बंद करतो आणि त्याची टोपी आतल्या थरावर चिकटून हवा अडवते. तो लावण्यासाठी टायर उतरवावाच लागतो, भोकाभोवतीची आतली जागा घासून घ्यावी लागते, सोल्यूशन लावून ते हाताला चिकट लागेपर्यंत वाळू द्यावे लागते, दांडा आतून बाहेर ओढून घ्यावा लागतो आणि टोपीवर रूळ फिरवून खाली अडकलेली हवा काढावी लागते. सोल्यूशन ओले असताना घाईने पॅच बसवला तर तो पुढे सुटतो, म्हणून हे काम चालू असताना मी शेजारी उभा राहतो आणि घाई करत नाही.

देशावर कमी पावसाच्या भागात कदाचित स्ट्रिपवर वर्षानुवर्षे भागत असेल, पण कोकणात पाण्याचा विचार टाळता येत नाही. भोकाची वाट नीट बुजली नाही तर नक्षीच्या बाजूने पाणी आत शिरते आणि थेट पोलादी पट्ट्यांपर्यंत पोचते. जून ते सप्टेंबर रस्ते कोरडे होत नाहीत. फेरीबोटीवर चढता-उतरताना, किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर भरतीच्या वेळी, खारे पाणीही टायरला लागते. तारा गंजू लागल्या की त्यांची रबरावरची पकड सुटते, आणि पुढे कधीतरी, बहुधा उन्हाळ्यात महामार्गावर वेगात असताना, नक्षीचा थर पट्ट्यापासून वेगळा होतो. हवा जराही कमी झालेली नसताना हे घडू शकते, म्हणूनच "हवा जात नाही ना, मग झाले" हा युक्तिवाद मला पटत नाही. टायर उत्पादकांच्या मार्गदर्शक सूचनांतही केवळ बाहेरून घातलेली स्ट्रिप कायमची दुरुस्ती मानलेली नाही. दांडा आणि पॅच दोन्ही हवेत, आणि टायर उतरवून आतून तपासलेला हवा, असे त्या सांगतात. रात्रीच्या वेळी, पावसात, गावात दुसरी सोय नसताना स्ट्रिप मारून घर गाठणे यात काहीच चुकीचे नाही. पुढच्या चार-आठ दिवसांत चिपळूणसारख्या ठिकाणी जाऊन ती जागा आतून पाहून घ्यावी आणि मश्रूम पॅच लावून घ्यावा, एवढेच माझे सांगणे आहे. स्ट्रिपला शंभर-दीडशे रुपये लागतात, मश्रूम पॅचला त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि नव्या टायरला मापानुसार चार-पाच हजारांपासून पुढे. या तीन आकड्यांकडे पाहिले तर मधला खर्च वाचवण्यात काही हशील नाही.

एकाच टायरला पूर्वी पंक्चर काढलेले असेल तर जुन्या आणि नव्या पॅचच्या जागा एकमेकींवर येता कामा नयेत. टायरमध्ये गळती थांबवणारे द्रव घातले असेल तर ते दुकानात आधीच सांगावे, कारण ते पूर्ण पुसून काढल्याशिवाय पॅच धरत नाही.

दुरुस्तीजोगे पंक्चर असूनही टायर बदलावा असे दोन प्रसंग आहेत: नक्षी झिजलेली असणे आणि रबर म्हातारा झालेला असणे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असता कामा नये. नव्या टायरची खोली साधारण ७ ते ८ मिलिमीटर असते. नक्षीच्या मुख्य खाचांत ठरावीक अंतरावर रबराचे बारीक आडवे उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की ती मर्यादा गाठली असे समजावे. परंतु कायद्याची मर्यादा आणि पावसातली सुरक्षितता एक नव्हे. खाचांचे काम पाणी बाजूला फेकण्याचे आहे, आणि त्या उथळ झाल्या की साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागतो, स्टिअरिंग हलके होते आणि ब्रेकचा उपयोग होत नाही. कोकणात राहणाऱ्याने नक्षी ३ मिलिमीटरच्या आसपास आली की मिरगाच्या आधीच नवे टायर घ्यावेत, असे माझे मत आहे. अशा टायरला पंक्चर झाले तर पॅचवर केलेला खर्चही फार दिवस कामाला येत नाही.

वयाचा प्रश्न आमच्याकडे अधिक अवघड आहे, कारण अनेक घरांत मुंबईकरांची एक गाडी गावच्या पडवीत उभी असते, जी गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर हलत नाही. माझा मोठा भाऊ डोंबिवलीला असतो आणि अशी एक गाडी आमच्याही खळ्यात आहे. गेल्या गणपतीत तिच्या मागच्या टायरमध्ये खिळा निघाला, तेव्हा दादा पॅच मारून घ्यायला निघाला होता. "अरे, नक्षी बघ की, नव्यासारखी आहे. एवढा टायर टाकून द्यायचा?" असे तो म्हणाला. मी त्याला टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी हे चार आकडे लंबगोलात छापलेले असतात. पहिले दोन आठवडा दाखवतात आणि पुढचे दोन वर्ष. २३१६ असे असेल तर तो टायर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. "दादा, नक्षी झिजली नाही कारण गाडी चालली नाही. रबर मात्र उभ्या जागी म्हातारा होत होता," असे म्हणून मी साईडवॉलवर अंगठा दाबला, तेव्हा केसासारख्या असंख्य भेगा उघडलेल्या त्यालाही दिसल्या. काही उत्पादक पाच वर्षांनंतर दर वर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्यायला सांगतात आणि नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांनंतर बदलायला सांगतात. ऊन, खारी हवा आणि महिनोन्‌महिने एकाच जागी दबून राहणे यांचा विचार करता दहा वर्षांची वाट मी स्वतः पाहणार नाही. दादाने चारही टायर बदलले, खर्च मोठा झाला, आणि दोन दिवस तो माझ्याशी जरा कमीच बोलला.

टायर बदलायचे ठरले की एक घ्यायचा की दोन, हा पुढचा प्रश्न येतो. दुसऱ्या बाजूचा टायर फारसा झिजलेला नसेल तर त्याच मापाचा, त्याच कंपनीचा आणि त्याच नक्षीचा एकच टायर चालतो. झीज बरीच असेल तर एका आसावरचे दोन्ही टायर एकदम बदलावेत, कारण दोन बाजूंची पकड वेगवेगळी असली तर ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढली जाते. नवी जोडी मागच्या चाकांना लावावी. पुष्कळांना हे उलटे वाटते, कारण बहुतेक मोटारींना पुढच्या चाकांनी गती मिळते आणि नवे टायर पुढे हवेत असे स्वाभाविकपणे वाटते. पण पुढची चाके घसरू लागली तर चालकाला ते हातात जाणवते आणि वेग कमी करून गाडी सावरता येते; परशुराम घाटाच्या उतरत्या वळणावर पावसात मागची चाके घसरली तर गाडी फिरते, आणि ती सावरायला रस्त्याची रुंदी पुरत नाही.

खरेदी करताना चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेलेच माप घ्यावे, मापापुढचे वजन आणि वेग यांचे निर्देशांकही जुळवावेत. आयएसआय चिन्ह पाहावे आणि तेच चार आकडे दुकानातल्या नव्या टायरवरही वाचावेत, कारण गोदामात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला टायर नवा म्हणून घेण्यात आपले नुकसान आहे. वापरलेले टायर स्वस्तात मिळतात, परंतु ज्याचा आतला भाग आणि इतिहास आपण पाहिलेला नाही असा टायर मी कोणालाही सुचवणार नाही.

स्टेपनीलाही हे सगळे लागू आहे. तिला मोजायला कोणी वाकत नाही, आणि गरज पडते त्या रात्री तिच्यात हवा नसते. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनी न ठेवण्याची मुभा मिळाली आहे. अशी गाडी कोकणात वापरणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की संचातले द्रव साईडवॉलचा काप बुजवू शकत नाही, आणि आमच्या रस्त्यांवर तोच काप नेहमीचा आहे. डिकीत जागा असेल तर स्टेपनी ठेवावीच. स्टेपनी मूळ चाकापेक्षा लहान मापाची असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगाची मर्यादा, जी बहुधा ताशी ८० किलोमीटर असते, पाळावी आणि तिच्यावर आठवडेच्या आठवडे फिरू नये.

दुरुस्त केलेला किंवा नवा टायर बसवताना चाकाचे बॅलन्सिंग करून घ्यावे, नाहीतर महामार्गावर वेग वाढला की स्टिअरिंग थरथरते. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, टायर थंड असताना हवा मोजून आकडा लिहून ठेवावा आणि आठवड्याने पुन्हा मोजावी. दोन पीएसआयपेक्षा अधिक घट दिसली तर तो टायर परत दाखवावा. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळलेले असावेत, आणि पन्नास-शंभर किलोमीटर धावल्यावर ते पान्याने पुन्हा तपासावेत. कुंभार्ली घाट चढून कराडकडे जायचे असेल, तर हे काम पोफळीच्या अलीकडेच उरकून घ्यावे.